नथ आणि स्लॅब

आमच्याकडे लग्न ठरलं की पत्रिका छापायच्या आधी नथ बाहेर येते. आत्याच्या लोखंडी कपाटातला तळचा खण, खणात चांदीचा करंडा, करंड्यात गुलाबी कागदाची पुडी, पुडीत कापूस आणि कापसात पणजीची नथ. आठ मोती, मध्ये एक लाल खडा, मागे चाप. मोती धड गोल नाहीत. एक तर चक्क तांदळाच्या दाण्यासारखा लांबुडका आहे. उजेडात धरले की पिवळसर झाक मारतात. "बसऱ्याचे आहेत," असं आत्या घरात येणाऱ्या प्रत्येक सुनेला सांगते, आणि सांगताना तिचा आवाज जरा वर चढतो.

बसरा मोती ही आपल्याकडे मोत्याची जातच होऊन बसली आहे. ते मुळात इराकमधल्या एका गावाचं नाव आहे हे कितीजणींच्या ध्यानात असतं कोण जाणे. मोती निघायचे आखाताच्या पाण्यात, बसऱ्याच्या व्यापाऱ्यांच्या हातून मुंबईला यायचे आणि येताना गावाचं नाव घेऊन यायचे. आमच्या घरात मात्र बसरा हे आधी गाव आहे, मोती नंतर. खेड तालुक्यातल्या आमच्या वाडीतून पणजोबा, म्हणजे घरचे आबा, मराठा पलटणीतून तिथे गेले होते. पहिलं महायुद्ध असं आमच्यात कोणी म्हणायचं नाही. "आबा बसऱ्याला होते तेव्हा" एवढंच.

माझं लग्न २००३ च्या मे महिन्यातलं. एप्रिलमध्ये आत्याकडे केळवण होतं. मटण-वड्यांची पंगत बसलेली, कोपऱ्यात टीव्ही चालू, आणि टीव्हीवर बगदादचं राष्ट्रीय संग्रहालय. काचा फोडलेल्या, कपाटं उताणी पडलेली, माणसं काहीतरी उराशी धरून पळताहेत. ९ एप्रिलला अमेरिकेच्या फौजेपुढे शहर पडलं, १० ते १२ या तीन दिवसांत संग्रहालय लुटलं गेलं. पाच-पाच हजार वर्षं जुन्या वस्तू, सुमारे १५ हजार. तेलाच्या मंत्रालयाबाहेर अमेरिकन सैनिकांचा पहारा होता, संग्रहालयाबाहेर नव्हता. त्यांचे संरक्षणमंत्री रम्सफेल्ड पत्रकारांना म्हणाले, की असं होतंच. स्वतंत्र माणसांना चुका करण्याचंही स्वातंत्र्य असतं.

बाळकाका माझ्या समोरच्या पाटावर होता. त्याने वडा मोडला, टीव्हीकडे पाहिलं आणि म्हणाला, "ह्याचं बिल कोणाच्या नावावर फाटणार गो? मला मिळाले तसे ह्या लोकांना मिळतील काय?"

बाकीच्यांनी लक्ष दिलं नाही. वाढपी पुढे सरकला. पण हे वाक्य माझ्या डोक्यात बावीस-तेवीस वर्षं राहिलंय, कारण त्या पंगतीत हा प्रश्न विचारण्याचा अधिकार फक्त बाळकाकाला होता.

काका १९८४ साली कुवेतला गेला, इलेक्ट्रिशियन म्हणून. २ ऑगस्ट १९९० ला सद्दाम हुसेनचं सैन्य कुवेतमध्ये घुसलं आणि काकाची सहा वर्षं एका सकाळीत संपली. खोलीतला फ्रीज, हप्त्याने घेतलेला व्हीसीआर, बँकेतले दिनार, कंपनीकडे अडकलेला तीन महिन्यांचा पगार, सगळं तिथेच. काही आठवडे तांदूळ आणि डबाबंद मासळीवर काढून तो बसने निघाला. कुवेतहून वर जाणारा रस्ता बसऱ्यावरून जातो. काका सांगायचा, "बसऱ्याला बस थांबली. पाणी घ्यायला उतरलो. म्हटलं, आलो एकदाचा आबांच्या गावाला." मग बगदाद, मग जॉर्डनची हद्द, वाळवंटातले तंबू, तंबूत विंचू, अम्मान, आणि एअर इंडियाच्या विमानाने मुंबई. त्या दोन महिन्यांत पावणेदोन लाखांच्या घरात भारतीय असे परत आले. काका सहार विमानतळावर उतरला तेव्हा त्याच्या हातात एक रेक्झिनची पिशवी होती आणि तिची चेन तुटलेली होती.

पुढचं ऐकण्यासारखं आहे. १९९१ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ठरवलं की इराकने बेकायदा आक्रमण केलं, तेव्हा त्यातून ज्याचं ज्याचं थेट नुकसान झालं त्याची भरपाई इराकने करायची. नुसता ठराव करून थांबले नाहीत. जिनिव्हात एक आयोग बसवला. फॉर्म काढले. मोठमोठ्या तेल कंपन्यांपासून आमच्या काकापर्यंत सुमारे २७ लाख दावे आले. ज्यांना नुसतं पळून यावं लागलं त्यांच्यासाठी 'ए' वर्ग होता. एकट्या माणसाला जास्तीत जास्त ४ हजार डॉलर. काकाने तो फॉर्म भरला आणि एका शाळेच्या वहीत त्याची हाताने नक्कल उतरून ठेवली. ती वही मी पाहिली आहे. 'कुवेत सोडल्याची तारीख' या रकान्यापुढे त्याने आधी एक तारीख लिहून खोडलीय, दुसरी लिहिलीय. शेजारी कंसात, फक्त स्वतःसाठी: "नक्की आठवत नाही, गणपतीनंतर."

पैसे आले. नव्वदच्या दशकाच्या शेवटी, दोन हप्त्यांत. रुपयांत दीड लाखाच्या आसपास. त्या पैशांतून आमच्या वाडीतल्या घराच्या पुढच्या पडवीवर आणि दोन खोल्यांवर स्लॅब पडला. कौलांच्या वाडीत पहिला स्लॅब. काका खुशीत आला की म्हणायचा, "सद्दामने घातला हा."

सद्दामने घातला नव्हता. हे मला फार उशिरा कळलं. भरपाईचे पैसे इराकच्या तेलातून कापले जायचे, आणि १९९० पासून इराकवर निर्बंध असल्यामुळे तेल विकायलाच बंदी होती. माणसं औषधावाचून, अन्नावाचून मरायला लागली तेव्हा तेल विकून अन्न-औषधं आणण्याची योजना निघाली आणि १९९६ च्या डिसेंबरमध्ये ती सुरू झाली. त्या तेलाच्या दर शंभर डॉलरमधले तीस आधी भरपाईला जायचे. उरलेल्यात दूधभुकटी, गहू, सलाईनच्या बाटल्या. म्हणजे काकाचे हप्ते आले ते त्या ताटातून. ज्यांनी कुवेतवर चाल करून जायचं ठरवलं त्यांच्या ताटात काही कमी पडलं नसावं. सद्दामचे महाल त्या काळातही उठतच होते.

हे मी काकाला एकदा सांगितलं. सांगायला नको होतं, असं त्या क्षणी वाटलं. तो पडवीत बसून सुपारी कातरत होता. बराच वेळ अडकित्त्याचाच आवाज. मग म्हणाला, "माझा पगार बुडाला होता, बाय. मी काय कोणाच्या पोराच्या तोंडचं काढायला गेलो होतो?" नव्हताच गेला. त्याचा दावा सोळा आणे खरा होता. एवढं सगळं नीट, फॉर्म भरून, पावत्या जोडून, कायद्याने झालं, आणि तरी बिल पोचलं ते अशा घरी जिथे कोणी काही मागवलंच नव्हतं. हा गुंता मला आजही सुटत नाही.

इराकने ते बिल शेवटपर्यंत फेडलं. सद्दामला फाशी झाल्यावरही फेडलं. त्याच्या जागी आलेल्या, त्याच्याच राजवटीमुळे परागंदा झालेल्या माणसांच्या सरकारांनी फेडलं. मोसूल आयसिसच्या ताब्यात गेलं तेव्हा तीन-चार वर्षं हप्ते थांबले, मग पुन्हा सुरू झाले. शेवटचा हप्ता जानेवारी २०२२ मध्ये गेला. एकूण ५२.४ अब्ज डॉलर.

तर आक्रमण करणाऱ्याने निस्तरायचं असतं हे जगाला ठाऊक नाही असं नाही. चांगलं ठाऊक आहे. आयोग कसा बसवायचा, रकाने कसे पाडायचे, वसुली कुठून करायची, सगळं येतं.

२००३ मध्येही कायदा होताच. १९०७ च्या हेग नियमांत स्वच्छ लिहिलंय की मुलूख ज्याच्या ताब्यात आला त्याने तिथली शांतता-सुव्यवस्था सांभाळायची. २२ मे २००३ च्या ठरावात अमेरिका आणि ब्रिटन यांची 'ताबा घेतलेल्या सत्ता' अशी नोंदही झाली. माझ्या लग्नाच्या हळदीचा आठवडा होता तो. दुसऱ्या दिवशी, २३ तारखेला, बगदादमध्ये बसलेले अमेरिकी प्रशासक पॉल ब्रेमर यांनी दुसऱ्या क्रमांकाचा हुकूम काढून इराकचं अख्खं सैन्य बरखास्त केलं. सुमारे ४ लाख माणसं, हातात हत्यार, घरी बायकापोरं आणि पगार बंद. खेड्यातल्या कुठल्याही म्हातारीने सांगितलं असतं याचं काय होणार ते. पगार नंतर थोडाफार सुरू केला, पण तोवर अपमान पोचला होता. त्यातले काही अधिकारी पुढे आयसिसच्या फळीत दिसले.

ब्रेमर जून २००४ मध्ये परत गेले. कारभार सोपवायचा ठरलेला दिवस होता ३० जून; गुपचूप २८ लाच उरकलं आणि त्याच दिवशी विमानात बसले. त्याच्या आदल्या दिवशी, २७ जूनला, त्यांनी १७ क्रमांकाचा हुकूम सुधारून सहीनिशी मागे ठेवला. परकीय सैनिक आणि त्यांचे कंत्राटदार यांच्यावर इराकी कोर्टात खटला चालणार नाही, असा. पंगत उठवायची, उष्टी तशीच ठेवायची आणि जाताना मागच्या दाराला बाहेरून कडी घालायची.

२००३ मध्ये हे प्रकरण आमच्या घराच्या अगदी उंबऱ्यापर्यंत आलं होतं. ८ एप्रिलला लोकसभेने एकमताने ठराव केला. अध्यक्षांच्या खुर्चीत मनोहर जोशी होते. हिंदी ठरावात शब्द होता 'निंदा'. इंग्रजीत मात्र त्याचं 'खेद' आणि 'निषेध' यांच्या मधलं काहीतरी गुळमुळीत झालं, आणि चार दिवस पेपरांत त्या एका शब्दावर कीस पडला. मग अमेरिकेने विचारलं, तुमची एक डिव्हिजन पाठवता का? सतरा हजारांच्या आसपास जवान, उत्तर इराकचा भाग सांभाळायला. म्हणजे फोडलं त्यांनी, गोळा करायला आम्ही. माझा चुलतभाऊ तेव्हा बेळगावच्या मराठा सेंटरमध्ये होता. घरातला फोन वाजला की आत्या हातातलं टाकून धावायची. "परत बसरा नको रे देवा," म्हणायची. १४ जुलैला वाजपेयी सरकारने नाही म्हणून कळवलं आणि आत्याने ग्रामदेवतेला नारळ दिला. आमच्या परराष्ट्र धोरणाच्या यशापयशाचं मोजमाप आमच्याकडे नारळांत होतं.

आबांना मात्र कोणी विचारलं नव्हतं. १९१४ च्या नोव्हेंबरात फावच्या किनाऱ्यावर उतरून बसरा घेणारी फौज ही सहावी पूना डिव्हिजन. नावातच पुणं. १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी तिच्यात होत्या. शिपायाचा पगार महिना ११ रुपये, भत्ता वेगळा. सेनापतींना बगदादचा मोह पडला, तयारी नव्हती, बगदादच्या अलीकडे टेसिफॉनला तुर्कांचा मार खाऊन फौज मागे कुत गावाला आली आणि तिथे १४७ दिवस वेढ्यात अडकली. टेसिफॉनच्या जखमींना उघड्या बोटींवर मेंढरांसारखं रचून नदीतून खाली बसऱ्याला आणलं. त्यातली एक बोट धक्क्याला येताना मेजर कार्टर नावाच्या लष्करी डॉक्टरला वाटलं, कडेने दोर लोंबताहेत. जवळ आल्यावर कळलं की ती विष्ठा होती. कठड्यावरून खाली ओघळून वाळलेली. हागवण लागलेली, हाडं मोडलेली माणसं जागेवरून हलूच शकत नव्हती. हे कार्टरने वरिष्ठांना कळवलं तर त्यालाच दम भरला. पुढे चौकशी आयोगापुढे त्याने ते सगळं सांगितलं.

हो, तेव्हाही चौकशी झाली होती. मेसोपोटेमिया आयोग, अहवाल १९१७. त्यावर भारतमंत्री ऑस्टेन चेंबरलेन यांनी राजीनामा दिला, वास्तविक त्यांचा दोष इतरांपेक्षा कमी होता. दुसरी चौकशी चिल्कॉट यांची, २००३ च्या युद्धात ब्रिटन का आणि कसं उतरलं याची. सात वर्षं चालली, बारा खंडांचा अहवाल, जुलै २०१६. युद्धानंतर काय करायचं याची तयारी अगदीच अपुरी होती असा त्यात निष्कर्ष आहे. टोनी ब्लेअर यांनी दुःख व्यक्त केलं आणि निर्णय पुन्हा तसाच घेईन असंही सांगितलं. बुश निवृत्तीनंतर तैलचित्रं काढायला शिकले. जखमी सैनिकांची चित्रं काढतात. करून करून भागला आणि देवपूजेला लागला, ही म्हण इतकी चपखल बसेल असं वाटलं नव्हतं.

मार्च १९१७ मध्ये बगदाद घेतल्यावर जनरल मॉड यांनी जाहीरनामा काढला, की आमची फौज जिंकायला नाही, तुम्हाला मुक्त करायला आली आहे. मॉड त्याच वर्षी बगदादमध्येच पटकीने गेले. फौज राहिली. आबा राहिले. १९२० मध्ये राज्य इराकींच्या हाती द्यायचं सोडून इंग्रजांकडेच ठेवायचं ठरलं तेव्हा युफ्रेटिसच्या काठची माणसं उठली. रुमैथाच्या वेढ्यात अडकलेल्या ठाण्यात मराठा शिपाईही होते. हिंदुस्थानातून आणखी पलटणी मागवल्या, विमानांतून बॉम्ब टाकले, गावं जाळली. जाळणाऱ्या हातांत बहुतेक हात हिंदुस्थानी होते. बसरा ताब्यात घेतल्यावर सुरुवातीला कायदे हिंदुस्थानी कायद्यांवरून बेतलेले, नाणं आमचा रुपया. तो तिथे १९३२ पर्यंत चालला.

आता मोत्यांचं. आत्याची गोष्ट अशी की आबांनी पै-पै साठवून बसऱ्याच्या बाजारात ते घेतले. आजोबांची, म्हणजे आबांच्या मुलाची, गोष्ट वेगळी होती. ती त्यांनी एकदाच सांगितली, शिमग्याच्या रात्री, जरा जास्त झाल्यावर. "बाजारातले कसले? गावं पेटवली तेव्हाचे आहेत ते." दुसऱ्या दिवशी विचारलं तर म्हणाले, मी असं काही बोललोच नाही. कल्चर मोती बाजारात यायच्या आधीचा तो काळ. अस्सल मोत्याला सोन्याहून भाव. अकरा रुपयांवाल्याचे आठ मोती. मी हिशोब करून पाहिला आहे. भत्ता धरून, तमाखू सोडून, घरी मनीऑर्डर न पाठवता, कदाचित जमेल. कदाचित.

मी खूपदा आबांची बाजू घेते. हुकूम त्यांचा नव्हता. नकाशा त्यांना वाचता येत नव्हता. त्यांच्याबरोबर भावकीतले आणखी एक जण गेले होते, ते परत आलेच नाहीत. बसऱ्याला त्या मोहिमेतल्या बेपत्ता मृतांचं स्मारक आहे, ४० हजारांवर माणसांचं. गोऱ्यांची नावं कोरली, हिंदुस्थानी अधिकाऱ्यांची कोरली. शिपायांचे पलटणीवार आकडे घातले. अमुक पलटण, 'आणि इतर इतके हिंदी शिपाई'. २०२१ मध्ये युद्धकबरींच्या आयोगाने याबद्दल माफी मागितली. आमच्या गावाच्या चावडीतही एक संगमरवरी पाटी आहे, या गावातून इतके गेले, त्यातले इतके कामी आले. आकड्यांच्या जागी तैलरंगाचे दोन हात बसलेत.

ही बाजू खरी आहे. आणि ज्या घरातून मोती आले असतील त्या घराला तिचा काही उपयोग नाही, हेही खरं आहे. बाळकाकाच्या दीड लाखांचंही तेच. बगदादच्या संग्रहालयाने २००३ मध्ये जाहीर केलं होतं की जे काही नेलं असेल ते आणून द्या, कोणी काही विचारणार नाही. वारकाचं पाच हजार वर्षांपूर्वीचं दगडी पात्र जूनमध्ये परत आलं, एका गाडीच्या डिकीतून, तुकड्यांत. आणून देणाऱ्यांना खरंच कोणी काही विचारलं नाही.

यंदा पुतण्याचं लग्न आहे. नथीची तार सैल झाली म्हणून आत्या आणि मी ती चिपळूणला सराफाकडे घेऊन गेलो. त्याने तार सोडवली, मोती निळ्या मखमलीवर ठेवले आणि एकेकाच्या भोकात भिंगातून पाहू लागला. पाच एका बाजूला केले, तीन दुसऱ्या. "हे पाच अस्सल. हे तीन कल्चर आहेत, मावशी. नंतर कोणीतरी बदललेत."

मी आत्याकडे पाहिलं. ती दुकानातल्या पंख्याकडे पाहत होती. "चौऱ्याऐंशी साली," ती म्हणाली. "बाळला कुवेतला धाडायचं होतं. एजंटला पैसे कुठून देणार होतो?"

घरी आलो तेव्हा पाऊस लागला होता. पडवीचा स्लॅब आता गळतो. काका गेल्यापासून त्यावर कोणी डांबर घातलेलं नाही, खाली दोन घमेली ठेवलेली असतात. आत्याने नथ कापसात ठेवली, पुडी बांधली. मी न राहवून विचारलं, शिमग्याच्या रात्रीचं तिला ठाऊक होतं का. ती म्हणाली, "बाबा मला पण बोलले होते."

मग पुडी हातातच ठेवून ती म्हणाली, "ह्यातले पाच उरलेत. नाव सांग कोणाचं ते. गाव सांग. मी उद्या पोस्टात जाते."

घमेल्यात टपटप चालू होतं. ती खरोखरच थांबली होती, माझ्या तोंडाकडे पाहत. थोड्या वेळाने तिने पुडी करंड्यात ठेवली, करंडा खणात सारला आणि किल्ली कमरेला खोचली.